घरचा कॉकटेल बार: खान्देशातल्या उन्हात आणि एकत्र कुटुंबात जमेल असा

घरी बार करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा सुताराला फोन जातो. हॉलच्या कोपऱ्यात एलईडी लाइटवालं शोकेस होतं, आणि सहा महिन्यांनी बघाल तर त्यात सात-आठ व्हिस्की, कुणीतरी दुबईहून आणलेली एक निळी लिकर (गोड, चवीची दारू) आणि पोराची क्रिकेटची ट्रॉफी, कॉकटेल मात्र एकही झालेलं नसतं. जळगाव-धुळ्याकडे हे हमखास. माझं म्हणणं असं की आपल्याकडचा बार फ्रीजपासून सुरू करायचा. बर्फ, लिंबू आणि साखरेचं सिरप जमलं की अर्धं काम झालं, बाटल्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही मोजक्याच. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, तिथे कोमट ग्लासात महागातली जिनसुद्धा औषधासारखीच लागणार.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण उरकून टाका. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परमिट लागतं, 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. वाईन शॉपवाला एक दिवसाचं परमिट फाडतो ते पाच रुपयांचं, वर्षाचं शंभरात आणि आजीवन हजारात होतं, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. घरी बाटल्या ठेवायच्या असतील तर सरळ आजीवन काढून टाका. वय बिअर-वाईनला 21 आणि बाकी सगळ्याला 25, म्हणजे कॉलेजातल्या पुतण्याला शेकर हलवायला देऊ नका, कितीही मागे लागला तरी.

दुसरं म्हणजे बॉर्डर. रावेरहून बऱ्हाणपूर आणि शिरपूरहून सेंधवा हाकेच्या अंतरावर, त्यात 2025 मध्ये आपल्या राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं शुल्क वाढवल्यापासून पलीकडची बाटली जास्तच खुणावते. पण तिथला कर भरलेली बाटली इकडे आणणं बेकायदाच आहे, नाक्यावर डिकी उघडली की वाचलेले पैसे वकिलाकडे जातात. आणि नवापूरवाल्यांनी तर उलट्या दिशेने जपायचं, स्टेशनच अर्धं गुजरातेत आहे आणि तिकडे दारूबंदी. हातभट्टीचं काही घरच्या बारमध्ये आणायचं नाही, त्यात काय आहे ते गाळणाऱ्यालाही माहीत नसतं. सातपुड्यातल्या महूची चव घ्यायची हौस असेल तर आता महूची दारू रीतसर सीलबंद बाटलीतही मिळते, ती शोधा.

बाटल्या नाही, ड्रिंक ठरवा

कागदावर फक्त दोन ड्रिंक लिहा जी तुम्हाला आणि घरात येणाऱ्या चार जणांना खरोखर आवडतात. त्या दोनला जे लागतं तेवढंच आणायचं. व्हिस्की सावर आणि जिमलेट ठरलं तर एक व्हिस्की, एक जिन, लिंबू, साखर, संपलं. नवशिक्याची यादी बघाल तर त्यात पंचवीस नावं असतात आणि त्यातली अर्धी जळगावच्या वाईन शॉपमध्ये विचारली तर काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे बघतच राहतो.

एक जुनी गोष्ट इथे कामाची आहे. 1806 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय असं एका वाचकाने विचारलं, तर संपादकाने उत्तर दिलं की दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (म्हणजे कडू मसाल्यांचा अर्क). पाणी त्यात पहिल्यापासून आहे बघा. आज ते पाणी बर्फातून येतं. शेकरमध्ये 100 मिली मिश्रण हलवलं की त्यात सहज 30-40 मिली पाणी उतरतं आणि ते उतरायलाच पाहिजे, त्यानेच दारूची धार मोडते. म्हणून बर्फाला ग्लास गार करायचं साधन समजू नका, तो घटकच आहे, आणि घटक आहे तर तो चांगला पाहिजे.

बर्फ

हिशोब करा. चार माणसं, प्रत्येकी तीन ड्रिंक, शेकरमधला आणि ग्लासातला धरून एका ड्रिंकला दीडशे-दोनशे ग्रॅम, म्हणजे झाला दोन-सव्वादोन किलो. फ्रीजसोबत आलेल्या दोन ट्रेमधून एका वेळी अर्धा किलोही निघत नाही. म्हणून शनिवारी बसायचं तर गुरुवारपासून बर्फ पाडायला घ्या, जमला की ट्रे रिकामा करून तुकडे झिपच्या पिशवीत, ट्रे परत भरा. पिशवी पाहिजेच. उघडा बर्फ फ्रीजरमधला वास ओढून घेतो, आणि आपल्या फ्रीजरमध्ये हिरवे मटार, सोललेला लसूण, एखाद्या डब्यात उरलेलं भरीत असं सगळं असतं, तो वास जिन-टॉनिकमध्ये लगेच कळतो.

तुकडा जितका मोठा तितका हळू विरघळतो, म्हणून सिलिकॉनचे दोन इंची चौकोनी ट्रे घ्या, ऑनलाइन तीन-चारशेत येतात. लाईट जायचा भरवसा नसेल तर पिशव्या फ्रीजरमध्ये एकमेकींना चिकटवून ठेवा आणि लाईट गेल्यावर दार उघडून बघायचं नाही, दोन-तीन तास काही होत नाही.

काचेसारखा पारदर्शक बर्फ पाहिजे असेल तर पाणी उकळून काही होत नाही, मी सांगतो. बर्फ पांढरा होतो तो पाण्यातल्या हवेमुळे, ट्रेमध्ये तो चहूबाजूंनी गोठतो आणि हवा मधे कोंडते. उपाय सोपा आहे. फ्रीजरमध्ये मावेल असा लहान आइस बॉक्स घ्या, झाकण काढा, फिल्टरचं पाणी भरा आणि उघडाच ठेवा. बाजूंनी आणि खालून गारवा जात नाही त्यामुळे गोठणं वरून खाली होतं आणि हवा खाली ढकलली जाते. वीसेक तासांनी, तळाशी थोडं पाणी शिल्लक असताना काढा. वरचा भाग आरशासारखा निघतो, खालचा धुरकट भाग तोडून टाका. तोडायला दातेरी सुरी बर्फावर आडवी धरायची आणि तिच्या पाठीवर लाटण्याने हलके ठोके द्यायचे, सरळ रेषेत फुटतो. पहिल्या ठोक्यालाच जोर लावाल तर चुरा होईल.

बर्फाच्या कारखान्यातली लादी मात्र ग्लासात नको. ती मासे, दूध, भाजी गार ठेवायला असते, तशा अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियमच आहे. बादलीत सोड्याच्या बाटल्या बुडवायला आणा, तेवढंच.

लिंबू आणि सिरप

परदेशातल्या रेसिपीत पिवळं लेमन आणि हिरवं लाइम असे दोन प्रकार असतात आणि लोक त्यावरून गोंधळतात. आपलं कागदी लिंबू हे लाइमच्या घरातलं, आंबटपणाही तसाच, दोन्हीकडे चालतं, फक्त लेमनच्या जागी वापराल तेव्हा रस चमचाभर कमी घ्या. एका बऱ्या लिंबातून 15 ते 20 मिली रस निघतो. कापायच्या आधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा, लगेच फरक पडतो. रस त्याच दिवशी काढायचा, सकाळी काढून संध्याकाळी वापरला तर चालतो पण दुसऱ्या दिवशी त्याला कडवट शिळी चव येते. आणि पिळताना साल फार चेपू नका, साल पिळली की कडूपणा उतरतो.

उन्हाळ्यात एक लिंबू दहा रुपयाला जातं तेव्हा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड कामाला येतं, म्हणजे लिंबू फूल. 100 मिली पाण्यात 6 ग्रॅम विरघळवलं की लिंबाच्या रसाएवढा आंबटपणा होतो. नुसतं वापरलं तर सरबताच्या पावडरसारखं लागतं, पण अर्धा खरा रस आणि अर्धं हे, असं केलं तर फार कमी लोकांना कळतं. किचनचा छोटा वजनकाटा मात्र पाहिजे, अंदाजे टाकलं की दात आंबतात.

सिरप म्हणजे 250 ग्रॅम साखर आणि 250 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि लगेच गॅस बंद. एकतारी पाक करायचा नाही, तो ग्लासात तळाला जाऊन बसतो. स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये तीन आठवडे राहतं, बाटलीवर तारीख लिहा. असंच गुळाचं करा, गाळून घ्या, काळ्या रमसोबत ते साखरेपेक्षा सरस लागतं. आल्याचं करायचं तर गरम सिरपमध्ये किसलेलं आलं अर्धा तास ठेवून फडक्यातून पिळून घ्या. हे आल्याचं सिरप, लिंबू आणि सोडा असला की जिंजर बिअर शोधत नाशिकला जायची गरज नाही.

हत्यारं

इथे फार पैसे घालवायचे नाहीत, दीड-दोन हजारात सगळं होतं. खरा खर्च करावा असं एकच, मेजर. दोन्हीकडून वापरायचं पेग मेजर 30 आणि 60 चं असतं, पण कॉकटेलमध्ये 15 आणि 22 मिलीचं काम जास्त पडतं, म्हणून आतून खुणा असलेलं घ्या. तोपर्यंत टेबलस्पून 15 मिली आणि टीस्पून 5 मिली हे धरून चाला. अंदाजाने ओतणारे हात व्हिस्की-सोड्याला ठीक आहेत, सावरमध्ये 10 मिली लिंबू जास्त झालं की ड्रिंक गेलं.

शेकर स्टीलचा, दोन भांड्यांचा घ्या. तीन भागांचं झाकणवालं मॉडेल दिसायला छान पण गार झालं की झाकण अडकतं आणि मग पाहुण्यांसमोर झटापट. बाकी गाळायला चहाची बारीक गाळणी, पुदिना ठेचायला खलबत्त्यातला बत्ता (ठेचायचं म्हणजे नुसतं दाबायचं, चटणी नाही करायची), साल काढायला बटाट्याचं सोलाणं, ढवळायला लस्सीचा लांब चमचा. ग्लास दोनच प्रकारचे, एक उंच आणि एक बुटका जाड बुडाचा. मार्टिनीचे तिकोनी ग्लास घेऊ नका, दोन महिन्यांत सहातले दोन राहतात.

आता बाटल्या

पहिल्या खेपेला जिन, काळी रम आणि व्हिस्की. व्हिस्की बहुतेक घरात आधीच असते. काळ्या रमला ओल्ड मंक, 1954 पासून आहे आणि गुळाच्या सिरपशी तिचं चांगलं जुळतं. जिनला आता गोव्यात बनणाऱ्या देशी जिन्स चांगल्या आहेत, ग्रेटर दॅन किंवा स्ट्रेंजर अँड सन्स, मोठ्या शहराची चक्कर झाली की आणा, परमिट सोबत ठेवून. पहिल्यांदा घेताना खंबा नको, हाफ घ्या, 375 मिलीत मोजून सहा ड्रिंक होतात आणि नाही आवडलं तर कपाटात पडून राहत नाही. व्होडका मी पहिल्या यादीत ठेवत नाही, तिला स्वतःची चवच नसते आणि जिन असली की तिची उणीव भासत नाही, पण मित्रांत कुणी तेच पिणारं असेल तर क्वार्टर आणून ठेवा. सिंगल माल्ट लिंबात घालायची नाही, ती वेगळी प्या.

दुसऱ्या खेपेला पांढरी रम आणि बिटर्स. अँगोस्टुरा बिटर्सची छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते कारण एका ड्रिंकला दोन-तीन झटकेच लागतात, 1824 पासूनची चीज आहे, मूळ व्हेनेझुएलातली आणि आता त्रिनिदादला बनते. ती नाही मिळाली तर अल्कोहोल नसलेले, ग्लिसरीनमधले देशी बिटर्स ऑनलाइन येतात, अगदी तसे नाहीत पण काम भागतं.

तिसऱ्या खेपेला, नेग्रोनी (जिनचं कडसर कॉकटेल) खरंच आवडत असेल तरच, त्याला लागणारी कंपारी ही कडू लाल दारू आणि लाल व्हर्मूथ. व्हर्मूथ ही वाईन आहे, तिच्यात थोडी दारू घालून तिला तगडी केलेली असते, पण आहे वाईनच. उघडली की फ्रीजमध्ये आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती शोकेसमध्ये ठेवली तर आठवड्यात वास बदलतो. क्रीम लिकरही उन्हाळ्यात फ्रीजमध्येच. जिन, रम, व्हिस्की बाहेर राहतात, फक्त उभ्या ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीला नको, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते.

सोडा आणि टॉनिकच्या बाटल्या लहान घ्या आणि आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये टाका. पाणी गार असेल तरच त्यात गॅस टिकतो, दुकानातून आणलेला कोमट सोडा बर्फावर ओतला की सगळा फेस वर आणि खाली साधं पाणी.

बनवायचं कसं

नियम एकच लक्षात ठेवा, रस असेल तर हलवा, नुसती दारू असेल तर ढवळा.

व्हिस्की सावर: 60 मिली व्हिस्की, 22 लिंबू, 22 सिरप, शेकर दोन-तृतीयांश बर्फाने भरून दहा-बारा सेकंद जोरात. भांड्यावर बाहेरून दव जमून हात गारठायला लागला की थांबा. नवीन बर्फावर गाळा. जिनचं जिमलेट अगदी याच मापात, फक्त सिरप 15 वर आणा. पांढऱ्या रमची डायकिरी पण तीच. एकाच मापात तीन ड्रिंक झाली बघा, म्हणून मी सावरपासून सुरुवात करा म्हणतो. चाखून बघायचं आणि आपल्या जिभेप्रमाणे पाच-पाच मिली कमी-जास्त करायचं. आपल्याकडे गोड जास्त चालतं असं लोक म्हणतात, पण तिखट चकणा सोबत असला की आंबटच बरं लागतं.

ओल्ड फॅशन्ड ढवळून: 60 व्हिस्की, एक टीस्पून सिरप, दोन झटके बिटर्स, बर्फावर पंचवीस-तीस सेकंद सावकाश. वरून संत्र्याची साल ग्लासावर पिळा, साल चकचकीत बाजूने खाली धरायची म्हणजे तेल ड्रिंकवर उडतं. संत्र्याचा सीझन नसेल तर मोसंबीची साल घ्या.

उंच ग्लासात थेट: 60 काळी रम, 20 आल्याचं सिरप, 15 लिंबू, वर सोडा. आमच्याकडे बसल्यावर सगळ्यात जास्त हेच संपतं.

आपल्या मालाचं काहीतरी

केळीच्या जिल्ह्यात राहून केळीचं परदेशी लिकर विकत घ्यायचं म्हणजे कमाल आहे. सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलेलं केळं घ्या, कच्चट असेल तर तुरट लागतं. एका केळ्याचे काप करून हाफभर काळ्या रममध्ये, काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये एक दिवस. मग चहाच्या गाळणीतून एकदा आणि सुती फडक्यातून एकदा, पिळायचं नाही, नुसतं ठिबकू द्यायचं, पिळलं की गाळ येतो आणि रम गढूळ होते. तासभर लागतो, लागू द्या. फ्रीजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. या रमचं ओल्ड फॅशन्ड गुळाच्या सिरपने करा. साली फेकू नका, चिरून तेवढ्याच वजनाच्या साखरेत रात्रभर ठेवल्या की सकाळी तपकिरी सिरप सुटलेलं असतं, ते सोड्यात घालून मुलांनाही देता येतं.

नंदुरबारची मिरची जपून. एक सुकी लाल मिरची, बिया काढून, क्वार्टरभर जिन किंवा टकीलामध्ये टाका आणि दर दहा मिनिटांनी थेंबभर चाखा, अर्ध्या तासात ती बास होते. पाण्यापेक्षा दारूत तिखट लवकर उतरतं, रात्रभर ठेवली तर खुडा (मिरचीचा ठेचा) खाणाऱ्यालाही झेपणार नाही. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून आमचूर, मीठ आणि थोडं लाल तिखट लावा, अर्ध्याच काठाला, म्हणजे ज्याला नको तो दुसरीकडून पिईल.

जागा आणि माणसं

एकत्र घर असेल तर उघडं शोकेस नकोच. जुनं लोखंडी कपाट, खालचा कप्पा बाटल्यांना, वरचा ग्लासांना, कुलूप आणि किल्ली तुमच्याकडे. आईला किंवा अण्णांना ते हॉलमध्ये दिसणार नाही आणि पोरांचा हात पोचणार नाही. बसायची जागा गच्ची असेल तर बर्फाचा डबा, पाण्याचा जग आणि कचऱ्याची पिशवी आधी वर न्या, प्रत्येक ड्रिंकला जिना चढणं दोन फेऱ्यांत बंद पडतं.

चकण्याला भाजलेले शेंगदाणे, केळ्याचे वेफर्स आणि ज्वारीचे बिबडे, कांदा-कोथिंबीर वर टाकून. जेवण उशिरा ठेवू नका, शेवभाजी रात्री बारा वाजता कुणालाच धड खाता येत नाही. न पिणाऱ्यांसाठी त्याच शेकरमध्ये, त्याच ग्लासात काहीतरी करा, आलं-लिंबू-सोडा किंवा केळीच्या सालीचं सिरप, आणि वहिनींना कोल्ड्रिंकची बाटली हातात देऊन मोकळं होऊ नका. अर्थात कोणती वहिनी काय पिते ते तिलाच विचारा.

60 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि गोड-आंबट चवीत ते लपतं, म्हणून कॉकटेल पिताना माणूस फसतो. मधे एक ग्लास पाणी सगळ्यांनाच. गाडीवर आलेल्याला तिसरं द्यायचं नाही असं नाही, पहिलंच द्यायचं नाही. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती ओलांडायला फार लागत नाही. अंथरुणं काढून ठेवा.

रात्रीच एक काम उरकायचं, शेकर, मेजर आणि सिरपच्या बाटलीचं तोंड गरम पाण्याने पुसून ठेवायचं. सकाळवर टाकलं तर कपाटात मुंग्यांची रांग लागते आणि एकदा त्यांना रस्ता कळला की पावसाळ्यापर्यंत हटत नाहीत.